अभिज्ञानाचा प्रश्न आणि पोर्सेलीनची पुतळी : ‘उट्झ’ या कादंबरीचे तौलनिक वाचन

ब्रूस चॅटविन यांची ‘उट्झ’ ही कादंबरी १९८८ साली प्रसिद्ध झाली आणि त्याच वर्षी बुकर पारितोषिकाच्या अंतिम यादीत तिचा समावेश झाला. जानेवारी १९८९ मध्ये चॅटविन यांचे निधन झाले. त्यामुळे ही त्यांची अखेरची कादंबरी ठरली. कथानक थोडक्यात सांगता येण्याजोगे आहे. प्राग शहरात, जुन्या ज्यू दफनभूमीकडे खिडक्या उघडणाऱ्या दोन खोल्यांच्या सदनिकेत कास्पर उट्झ नावाचा एक अविस्मरणीय म्हणता येणार नाही असा गृहस्थ माइसेन पोर्सेलीनच्या हजाराहून अधिक वस्तू सांभाळून राहतो. त्यांत पुतळ्यांचा भरणा मोठा आहे. साम्यवादी राजवट त्याला संग्रह जवळ ठेवू देते, पण त्याच्या मृत्यूनंतर तो सरकारी संग्रहालयाचा होईल या अटीवर. त्याला परदेशी जाण्याची मुभा मिळते. तो फ्रान्समधील विशी या गावी जातो, कंटाळतो आणि परत येतो, कारण पुतळ्या मागे राहिलेल्या असतात. १९७४ साली तो मरण पावतो. संग्रहालयाचे अधिकारी ताबा घ्यायला येतात तेव्हा फळ्या रिकाम्या असतात.

या कादंबरीचे सहज सुचणारे वाचन राजकीय रूपकाचे आहे. खाजगी मालमत्ता विरुद्ध सर्वसत्तावादी राज्य, नाजूक वस्तू विरुद्ध रणगाडे, पोर्सेलीनचा रंगमंच विरुद्ध बाहेरचा करडा इतिहास अशा जोड्या लावत गेले, की कादंबरी जवळपास पूर्णपणे उलगडल्यासारखी वाटते. हे वाचन चुकीचे नाही. निवेदक प्रागला जातो ते १९६७ साली, म्हणजे सोव्हिएत रणगाडे शिरण्याच्या आदल्या वर्षी, हा तपशील चॅटविन यांनी उगाच दिलेला नाही. परंतु या वाचनात पुतळ्यांच्या जागी तिकिटे, नाणी किंवा फुलपाखरे ठेवली तरी फारसे बिघडत नाही, आणि येथेच त्याची मर्यादा उघड होते. चॅटविन यांना पोर्सेलीनच हवे होते. भाजलेल्या मातीच्या, मनुष्याकृती, खाली कारखान्याची खूण असलेल्या आणि पडली की फुटणाऱ्या वस्तूच हव्या होत्या. त्या का हव्या होत्या, हा प्रश्न रूपकवाचन विचारत नाही. तो विचारला, की ‘उट्झ’ ही मालकीविषयीची कादंबरी न राहता ओळखीविषयीची, संस्कृत परंपरेतील शब्द वापरायचा तर अभिज्ञानाविषयीची, कादंबरी म्हणून समोर येते.

चॅटविन १९५८ ते १९६६ या काळात लंडनच्या सदबीज या लिलावसंस्थेत होते. हमालीच्या कामापासून सुरुवात करून ते संचालकपदापर्यंत पोहोचले. लिलावाच्या सूचीत वस्तूची नोंद कशी करतात हे त्यांच्या हाडीमाशी खिळलेले होते. कोणाची घडण, कोणता काळ, केवढी उंची, खूण कोणती, मोडतोड कोठे, पूर्वी कोणाकडे होती. विशेषणे कमीत कमी. ‘उट्झ’मधील वाक्ये याच शिस्तीची आहेत. कादंबरी उघडते तीच उट्झच्या अंत्यविधीपासून, आणि दिवस, महिना, वर्ष, चर्चचे नाव, पहाटेची वेळ अशा नोंदवजा तपशिलांनी. एखाद्या वस्तूची पत्रिका मांडावी तसा हा मनुष्य मांडला जातो. पुढे सबंध कादंबरीभर निवेदक जे करतो ते पारख्याचेच काम आहे. फरक एवढाच, की त्याच्या हातात या वेळी पुतळी नसून माणूस आहे.

या कामाचे स्वरूप समजण्यासाठी पुतळी ओळखतात कशी, याकडे वळणे आवश्यक आहे. कारण साहित्यसमीक्षेत हा भाग सहसा ‘पार्श्वभूमी’ म्हणून एका वाक्यात उरकला जातो.

चिनी पोर्सेलीनचे रहस्य युरोपला उमगले ते अठराव्या शतकाच्या पहिल्या दशकात, सॅक्सनीत. सोने तयार करण्याचा दावा केल्यामुळे राजाच्या कैदेत पडलेला योहान फ्रीड्रिख ब्यॉटगर आणि विद्वान चिर्नहाउस यांच्या प्रयोगांतून १७०८-०९ च्या सुमारास पांढरे, कठीण, अर्धपारदर्शक पोर्सेलीन सिद्ध झाले. १७१० साली माइसेनच्या आल्ब्रेख्ट्सबुर्ग किल्ल्यात कारखाना उभा राहिला. सॅक्सनीचा अधिपती ‘बलाढ्य’ ऑगस्टस याचे पोर्सेलीनचे वेड असे, की १७१७ साली त्याने प्रशियाच्या राजाला ६०० घोडेस्वार देऊन त्याच्याकडून चिनी पोर्सेलीनच्या १५१ वस्तू घेतल्या. त्यांतील मोठे रांजण आजही ‘घोडेस्वारांचे रांजण’ म्हणून ओळखले जातात, आणि प्रशियाच्या सैन्यात गेलेल्या त्या तुकडीला लोक ‘पोर्सेलीन पलटण’ म्हणू लागले. वस्तूंची नावे माणसांवरून पडली आणि माणसांची वस्तूंवरून. ‘उट्झ’चे सारे कोडे या एका व्यवहारात बीजरूपाने आहे. एकेक रांजण आज कोणत्या दालनात आहे ते सांगता येते. घोडेस्वार मात्र केवळ संख्या म्हणून उरले.

१७३१ साली योहान योआखिम केंडलर हा शिल्पकार माइसेनला आला आणि १७७५ मधील मृत्यूपर्यंत तेथेच राहिला. इटालियन ‘कोमेदिया देल्लार्ते’मधील विदूषक हार्लेक्विन, त्याची सखी कोलंबिना, कंजूष पँटलून, दरबारी जोडपी, फेरीवाले अशी पोर्सेलीनची एक सबंध वस्ती त्याच्या देखरेखीखाली निर्माण झाली. परंतु ‘केंडलरची पुतळी’ हा शब्दप्रयोग जेवढा सरळ वाटतो तेवढा नाही. शिल्पकार मूळ नमुना घडवतो. तो कापून त्याचे साचे घेतात. डोके, धड, हात, टोपी, पायाखालचा झाडाचा बुंधा हे भाग स्वतंत्र साच्यांतून निघतात. जोडणारा कारागीर पातळ केलेल्या मातीने ते सांधतो आणि टोकदार हत्याराने नाकडोळे रेखीव करतो. नंतर पहिली भट्टी, मग झिलई, मग सुमारे १४०० अंश सेल्सिअसची भट्टी, आणि शेवटी रंगाऱ्याचे काम व रंग पक्के करणारी मंद आच. केंडलरचा हात यांतल्या पहिल्या पायरीवर असतो. पुढची पावले ज्यांची, त्यांची नावे बहुधा कोठेही येत नाहीत.

पुतळी उलटी करून तळाची खूण पाहणे ही हौशी माणसाची पहिली हालचाल असते. माइसेनची खूण म्हणजे झिलईखाली निळ्या रंगात काढलेल्या एकमेकींवर आडव्या तलवारी. ती १७२२ च्या सुमारास रूढ झाली. परंतु खुणेइतकी सोपी नक्कल दुसऱ्या कशाचीच नसते. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या एदमे सॅमसनच्या कारखान्याने माइसेन, चेल्सी, चिनी अशा सगळ्यांच्या प्रतिकृती बाजारात आणल्या. चेल्सीची मूळ पुतळी मऊ मातीची आणि सॅमसनची कठीण मातीची, त्यामुळे खूण हुबेहूब असली तरी वजन, थंडपणा आणि झिलईची चमक सत्य सांगून जातात. खूण खोटे बोलू शकते, अंग बोलू शकत नाही. याहून सूक्ष्म परीक्षा आकाराची. भाजताना पोर्सेलीन सुमारे एक षष्ठांशाने आक्रसते. म्हणून तयार पुतळीवरूनच साचा घेऊन कोणी नक्कल केली, तर ती भाजून निघाल्यावर मुळापेक्षा लहान भरते. भाषांतराच्या अभ्यासकांना हे उदाहरण उपयोगी पडेल, हे जाता जाता म्हणता येईल.

सगळ्यांत अवघड प्रसंग मात्र नकलेचा नसतोच. माइसेनने स्वतःच आपले अठराव्या शतकातील नमुने एकोणिसाव्या शतकात पुन्हा काढले. कारखाना तोच, नमुना तोच, तलवारी खऱ्या, तरीही वस्तू वेगळी. तेथे पारख्याला चेहऱ्यावरचा गोडवा किंचित वाढला आहे का, रंग अधिक समतल झाला आहे का, अशा जवळजवळ अनिर्वचनीय गोष्टींवर विसंबावे लागते. शिवाय दुरुस्ती असते. तुटलेली बोटे, पुन्हा बसवलेले मुंडके डोळ्यांना दिसत नाही. अतिनील दिव्याखाली नंतरचा रंग वेगळा चमकतो.

उट्झच्या लहानपणीचा प्रसंग या पार्श्वभूमीवर वाचावा लागतो. आजीच्या वाड्यातील कपाटात त्याला केंडलरचा हार्लेक्विन दिसतो आणि तो हट्ट धरतो. काही वर्षांनी वडील वारल्यावर सांत्वन म्हणून तीच पुतळी खास बनवलेल्या चामडी पेटीतून त्याच्याकडे येते. या प्रसंगाचा अर्थ गमावलेल्या पित्याची भरपाई असा लावण्याचा मोह मनोविश्लेषणात्मक समीक्षेला होईल, आणि चॅटविन यांनी त्यासाठी दार उघडेही ठेवले आहे. तथापि मुलाला कळलेली पहिली गोष्ट वेगळी आहे. काचेपलीकडे असलेली वस्तू हातात घेतल्याशिवाय ओळखता येत नाही, हे त्याला कळते. पुढे तरुण उट्झ खाजगी संग्राहकाची बाजू मांडणारा जो लेख लिहितो, त्याचा गाभा हाच आहे. संग्रहालयाच्या कपाटातील वस्तूची अवस्था तो पिंजऱ्यातल्या प्राण्यासारखी मानतो. संग्राहक मात्र वस्तूला स्पर्शाने पुन्हा जिवंत करतो, असे त्याचे प्रतिपादन आहे. मालकीचे हे समर्थन थोडे आत्मसंतुष्ट आहे, हे मान्य केले पाहिजे. दारावरच्या भुकेल्या माणसाने त्याला काय उत्तर दिले असते याची उट्झला चिंता नाही. पण ज्ञानाचा एक प्रकार हाताशी जोडलेला असतो, हे त्यातील निरीक्षण खोडता येत नाही.

आता निवेदकाने उट्झची केलेली पारख पाहू जाता एक विलक्षण विसंगती आढळते. हार्लेक्विन कोणी घडवला, केव्हा घडवला, कोणाकडून कोणाकडे आला हे सांगता येते. उट्झचा चेहरा मात्र निवेदकाला आठवत नाही. त्याला मिशी होती की नव्हती, याविषयी तो संभ्रमात आहे; मिशी लावून पाहावी, काढून पाहावी, काही फरक पडत नाही, अशा आशयाची टिप्पणी तो करतो. तळाला खूण नसलेली ही पुतळी आहे. उट्झ भित्रा होता की धूर्त, राजवटीचा बळी होता की तिच्याशी तडजोड करून सुखी झालेला, त्याने पुतळ्यांवर प्रेम केले की पुतळ्यांनी त्याला बंदी केले, या प्रत्येक प्रश्नाला कादंबरीत दोन-तीन उत्तरे आहेत आणि ती एकमेकांना छेद देतात. वस्तूच्या बाबतीत अचूक ठरणारी पद्धत माणसाच्या बाबतीत हतबल होते, आणि चॅटविन ही हतबलता निवेदनाच्या रचनेतच मुरवतात. याउलट उट्झच्या तोंडून येणारा ब्यॉटगर, किमया आणि सोने यांचा इतिहास कादंबरीत पुरता विरघळलेला नाही. ती पाने मार्गदर्शकाने दालनातून फिरवून आणल्यासारखी वाटतात. गायिकांविषयीची प्रकरणेही थट्टेच्या पातळीवरच राहतात.

मानवाकृती माती आणि तिच्यावरची खूण यांचा संबंध प्रागमध्ये एका जुन्या आख्यायिकेने आधीच जोडून ठेवलेला आहे. रब्बी ल्योव यांनी मातीचा गोलेम घडवला, त्याच्या कपाळी ‘सत्य’ या अर्थाचा हिब्रू शब्द लिहून त्याला चेतना दिली, आणि त्यातील पहिले अक्षर पुसताच ‘मृत’ हा शब्द उरून तो पुन्हा मातीचा ढीग झाला, असे ती कथा सांगते. उट्झच्या खिडकीतून दिसणाऱ्या दफनभूमीत याच रब्बींची समाधी आहे, आणि कादंबरीत गोलेमवर बरीच चर्चा होते. मातीपासून घडलेला आदम ही आद्य मृण्मय प्रतिमाच होय, या कल्पनेशी उट्झ खेळतो. आणि मग सजीव प्रतिमा करणे हा ईश्वरनिर्मितीत केलेला हस्तक्षेप ठरतो. अक्षराच्या बळावर मातीला ओळख मिळते आणि अक्षर पुसताच ती हिरावली जाते. माइसेनच्या निळ्या तलवारी आणि गोलेमच्या कपाळीचे अक्षर यांचे नाते चॅटविन उघड सांगत नाहीत, पण दोन्ही एकाच पुस्तकात शेजारी ठेवतात.

भारतीय वाचकाला येथे एक समांतर प्रसंग आठवल्यावाचून राहत नाही. कालिदासाच्या ‘अभिज्ञानशाकुंतल’ नाटकाच्या नावातील अभिज्ञान म्हणजे अंगठी, असे सामान्यतः शिकवले जाते. परंतु सातव्या अंकात राजाला आपल्या मुलाची ओळख पटू लागते ती अंगठीमुळे नाही. सिंहाच्या छाव्याशी झटणाऱ्या सर्वदमनाचे मन वळवण्यासाठी तापसी एका ऋषिकुमाराचा रंगवलेला मातीचा मोर आणते. पक्ष्याचे सौंदर्य पाहा, असे ती म्हणते. पक्षी आणि लावण्य हे शब्द जुळताना त्यातून मुलाला आईचे नाव ऐकू येते आणि तो आई कोठे आहे असे विचारतो. राजाला तेथेच आशा वाटू लागते. रंगवलेली मातीची आकृती, तिच्या निमित्ताने झालेला शब्दच्छल आणि त्यातून उमललेली ओळख अशी ही साखळी आहे. अंगठीवर नाव कोरलेले आहे, म्हणजे ती खुणेची वस्तू. मोरावर कोणाचेही नाव नाही. खुणेची अंगठी माशाच्या पोटात हरवू शकते. नाव नसलेला मोर मात्र योग्य माणसाच्या कानावर योग्य क्षणी पडलेल्या शब्दाने काम करून जातो. ‘उट्झ’मध्ये असा क्षण येत नाही. हजार पुतळ्यांपैकी एकही पुतळी उट्झची ओळख कोणाला पटवून देत नाही; त्या उट्झने ओळखायच्या असतात, उट्झला ओळखण्यासाठी नसतात.

अर्थात तुलना करताना शब्दांपाशी थबकावे लागते. मराठीत या वस्तूला नेमका शब्द नाही. मूर्ती म्हटले की पूजा येते, पुतळा म्हटले की चौक आणि जयंती, बाहुली म्हटले की खेळ, आणि शोभेची वस्तू म्हटले की दिवाणखान्यातील काचेचे कपाट. ‘पुतळी’ हा त्यातल्या त्यात बरा पर्याय. पण त्यातही गळ्यातल्या पुतळ्यांच्या माळेतील सोन्याचे नाणे लपलेले आहे. ही अडचण भाषेची नसून वस्तूच्या दर्जाची आहे. रविवर्म्याच्या छापील चित्रांच्या धर्तीवर जर्मनीत घडवलेल्या पोर्सेलीनच्या देवप्रतिमा विसाव्या शतकाच्या आरंभी भारतीय बाजारात येत होत्या. हार्लेक्विनच्याच जातीची ती माती. तिला येथे कोणी देव्हाऱ्यात ठेवले असेल, कोणी कपाटात. आज संग्राहक तिला तिसरेच नाव देतात.

याहून महत्त्वाचा भेद भट्टीचा आहे. गणेशचतुर्थीची पार्थिव मूर्ती कच्च्या मातीची असते आणि तशीच असावी लागते. न भाजल्यामुळे ती पाण्यात विरघळते आणि पुन्हा मातीच होते. प्राणप्रतिष्ठा आणि विसर्जन या दोन्हींची तरतूद तिच्या द्रव्यातच आहे. (प्लास्टरच्या मूर्तींनी या अर्थाचीच कोंडी केली, हा वाद केवळ प्रदूषणाचा नाही.) गोलेमही याच कच्च्या मातीचा आहे. पोर्सेलीन मात्र भाजल्यानंतर मातीत परत जाऊ शकत नाही. ते फुटते, विरघळत नाही. म्हणून उट्झचा संग्रह नाहीसा झाला या घटनेकडे विसर्जन म्हणून पाहण्याचा मोह मराठी वाचकाने आवरलाच पाहिजे. विसर्जनात परतणे आहे, पुढल्या वर्षीचे निमंत्रण आहे. निवेदकाच्या तर्कातील फुटलेल्या पुतळ्या कचऱ्याच्या पेटीत जातात, आणि त्यांचे तुकडे पुढील हजार वर्षे तुकडेच राहणार आहेत.

फुटणे आणि सांधणे यांचा विचार हान्स ख्रिश्चन अँडरसन यांनी फार पूर्वी, १८४५ सालच्या मेंढपाळीण आणि धुराडे झाडणारा मुलगा यांच्या गोष्टीत केला होता. टेबलावरील दोन पोर्सेलीनच्या आकृती प्रेमात पडून पळून जातात. धुराड्याच्या टोकावरून विस्तीर्ण जग पाहून मेंढपाळीण घाबरते आणि दोघे परत येतात. तोवर त्यांना अडवायला निघालेला, मान हलवून संमती देणारा म्हातारा चिनी पुतळा पडून फुटलेला असतो. त्याला सांधतात, मानेत पक्की कडी बसवतात. आता त्याला मान हलवता येत नाही, त्यामुळे नको असलेल्या लग्नाला संमतीही देता येत नाही. दुरुस्तीनेच प्रेमिकांची सुटका होते. ती दोघे फुटेपर्यंत सुखी राहतात, हा शेवट मुलांच्या कथेत बसण्याजोगा निर्दय आहे. पारख्याच्या वहीत ‘मानेला दुरुस्ती’ एवढीच नोंद होईल. अँडरसन त्या नोंदीमागचे आख्यान सांगतात. उट्झची विशीहून परतण्याची वार्षिक यात्रा या मेंढपाळिणीची आठवण करून देते. खुले जग पाहिले आणि टेबल बरे वाटले.

ओरहान पामुक यांच्या ‘द म्यूझियम ऑफ इनोसन्स’ (२००८) या कादंबरीत पुतळीची प्रतिष्ठा पूर्ण उलटी होते. फुसुनच्या घरी दूरदर्शन संचावर चिनीमातीचा कुत्रा बसलेला असतो, तसा तो त्या काळी इस्तंबूलच्या असंख्य घरांत बसलेला असे. केमाल तो उचलून नेतो आणि पुढे त्या जागी नवा आणून ठेवतो. या कुत्र्याला शिल्पकार नाही, खूण असली तरी कोणी पाहत नाही, एकासारखा दुसरा मिळतो. तरीही केमालच्या दृष्टीने एक कुत्रा दुसऱ्यासारखा नाही. कोणत्या संध्याकाळी तो कोणाच्या नजरेसमोर होता, यावर त्याची ओळख ठरते. उट्झ पुतळीचा इतिहास शोधतो, केमाल तिला इतिहास देतो. पामुक यांनी २०१२ साली त्याच नावाचे संग्रहालय इस्तंबूलमध्ये उघडले, तेव्हा कल्पित माणसांच्या खऱ्या वस्तू असा एक नवाच प्रश्न उभा राहिला. उट्झच्या निंदेतील संग्रहालय केमालला मात्र प्रेमाचे अंतिम घर वाटते. या विरोधाचे कारण दोघांच्या स्वभावात शोधण्यापेक्षा वस्तूंच्या जातीत शोधणे अधिक फलदायी ठरेल. केंडलरच्या पुतळीला प्रेमाची गरज नाही, तिच्यापाशी तिची पत्रिका आहे. बेवारस कुत्र्याला मात्र काचेखालच्या चिठ्ठीवाचून नावच नाही.

नाव नसण्याचे मोल वाल्टर बेन्यामिन यांनी १९३७ साली एडुआर्ट फुक्स या संग्राहकावरील निबंधात ओळखले होते. फुक्सने १९२४ साली चीनमधील तांग काळातील मृण्मय शिल्पे आणि छपरांच्या कण्यांवर बसवलेल्या आकृती यांवर पुस्तके लिहिली. थडग्यात ठेवलेल्या या आकृतींपैकी एकीचाही कर्ता ठाऊक नाही, याची फुक्सला खंत नव्हती; त्या काळातील सर्वांनी जग कसे पाहिले याचा तो पुरावाच आहे, असे त्याचे म्हणणे होते. बेन्यामिन यांना या संग्राहकात कलाइतिहासाच्या व्यक्तिपूजेला मिळालेले उत्तर दिसले. हे फुक्स यांचे पोर्सेलीन नव्हते, आणि तांग आकृतींची तुलना दरबारी विदूषकांशी सरसकट करता येणार नाही. पण सांधणाऱ्या आणि रंगवणाऱ्या अनाम कारागिरांकडे पाहिले, तर ‘केंडलरचा हार्लेक्विन’ ही ओळखही अर्धीच असल्याचे ध्यानात येते. चॅटविन या अर्ध्या भागाकडे वळत नाहीत.

ही उपेक्षा निरागस राहू शकत नाही, हे एडमंड डी वाल यांच्या ‘द व्हाइट रोड’ (२०१५) या पुस्तकाने दाखवले. डी वाल स्वतः पोर्सेलीन घडवणारे कलावंत आहेत. जिंगदेझेन, माइसेन, इंग्लंड असा पांढऱ्या मातीचा प्रवास करत ते अखेरीस डाखाऊला पोहोचतात. म्युनिकजवळच्या आलाख येथे सुरू झालेला पोर्सेलीनचा कारखाना नाझी एसएस संघटनेने ताब्यात घेतला, त्याचे उत्पादन डाखाऊला हलवले आणि पुढे छळछावणीतील कैद्यांना तेथे राबवले. हरणे, कुत्री, घोडे, सैनिक अशा शुभ्र आणि तंत्रदृष्ट्या निर्दोष पुतळ्या तेथून बाहेर पडल्या. त्यांच्या तळाशी एसएसची रूनाक्षरी खूण आहे. पारख्याच्या परिभाषेत अशी पुतळी ‘अस्सल’ ठरते, आणि तो शब्द तेथे अंगावर येतो. कोणाची घडण, या प्रश्नाचे खरे उत्तर खुणेत नसून खूण ज्यांना झाकते त्यांच्यात आहे. ‘उट्झ’ वाचून झाल्यावर हे प्रकरण वाचले, तर हजार पुतळ्यांच्या त्या दालनात एक प्रश्न अनुत्तरित राहिल्याचे जाणवते. तेथे धूळ कोण पुसत होते?

धूळ पुसत होती मार्ता. कादंबरीतील राजकीय रूपक आणि संग्राहकाचे मानसशास्त्र यांच्या गर्दीत तिच्याकडे वाचकाचे दुर्लक्ष व्हावे, अशीच योजना आहे. खेड्यातील, लोकांनी चेटकीण म्हणून पिटाळलेली ही मुलगी उट्झने आश्रयाला आणली. घर टिकवण्यासाठी त्याने तिच्याशी नोंदणी विवाह केला. परंतु जगाच्या दृष्टीने ती वर्षानुवर्षे मोलकरीणच राहिली. निवेदक प्रथम तिला तशीच ओळखतो. हार्लेक्विनची झिलई न्याहाळणाऱ्या त्याच्या सराईत डोळ्यांना वाढपाची थाळी घेऊन येणाऱ्या बाईत पाहण्यासारखे काही आढळत नाही. पारखी चुकला, आणि चुकीची नोंद शंभर पाने तशीच राहिली.

संग्रहाचे काय झाले याविषयीचे तर्क पुढे एकेक करून मार्ताच्या दिशेने सरकू लागतात. उशिरा का होईना, उट्झने तिला खऱ्या अर्थाने पत्नी मानले. आणि त्यानंतर दोघांनी मिळून पुतळ्या फोडून टाकल्या असाव्यात, या तर्काकडे निवेदकाचा कल आहे. त्याला पुरावा जवळपास नाही. वास्तवातील कथा निराळी आहे. ज्याच्यावरून चॅटविन यांना उट्झ सुचला तो प्रागमधील संग्राहक रुडॉल्फ युस्ट १९७२ साली वारला. त्याचा संग्रह शाबूत राहिला आणि २००१ साली सदबीजने लंडनमध्ये त्याचा लिलाव केला. प्रत्येक वस्तूला क्रमांक, वर्णन आणि किंमत मिळाली, आणि मग ती वेगवेगळ्या घरांत पांगली. लिलावाचे हे टोक कादंबरीतील तर्काला खोटे ठरवत नाही. संग्रहाचा शेवट दोन रीतींनी होऊ शकतो, एवढेच ते दाखवते. नाव आणि क्रमांक यांचा अतिरेक होऊन, किंवा ती दोन्ही पुसली जाऊन.

कादंबरीच्या शेवटच्या पानांवर निवेदक ऑस्ट्रियाच्या सीमेनजीकच्या एका खेड्यात पोहोचतो. एका घराचे दार वाजवतो. दारात खेडवळ वेशातील स्त्री उभी राहते आणि आपण बॅरोनेस फॉन उट्झ असल्याचे ठामपणे सांगते. तिच्यापाशी पुतळ्या नाहीत, कागदपत्रांचा उल्लेख नाही, बॅरन ही पदवी त्या देशात कधीच रद्द झालेली आहे. तिने आपली खूण आपणच उमटवली आहे, आणि ती तपासण्याचे साधन निवेदकाकडे नाही. चॅटविन तेथेच थांबतात.